वाचकांची पत्रं : डीपी, ३१ मार्च आणि खाडा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीनच घेतली आहेत. तिघंही तीन तऱ्हेचे लोक, पण पत्राच्या शेवटी तिघांनीही एकच विचारलंय : "ताई, लोकांना कळत कसं नाही?" मी एकोणतीस वर्षं मराठवाड्यातल्या एका जिल्हा बँकेत काढली, शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. काउंटरच्या आत बसून माणसं पाहिली की हा प्रश्न हळूहळू तोंडात येईनासा होतो. त्याऐवजी मला दुसरंच विचारायची सवय लागली. या माणसाला पैसे कशाचे मिळतात, कशाचे कापले जातात, आणि कापणारा कोण? उत्तरं त्याच सवयीने लिहिली आहेत.

"आमच्या डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पाण्याच्या १९ मोटारी आहेत. प्रत्येकाने ऑटो स्विच बसवलाय, त्यामुळे लाईट आली की सगळ्या एकदम उठतात. या उन्हाळ्यात डीपी तीनदा जळाला. मी माझा स्विच काढून पाहिला, तर तीन आठवडे डाळिंबाला धड पाणी मिळालं नाही. परत बसवला. लोकांना अक्कल कधी येणार?" – एक शेतकरी, माढा तालुका

दादा, पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. स्विच काढला आणि पाणी मिळेना. म्हणजे अक्कल तुम्हाला होती, ती तुम्ही वापरलीत आणि तिचा भुर्दंड तुम्हालाच बसला. बाकीच्या अठरा जणांनी हे बांधावरून पाहिलं. आता तुमच्यामागे स्विच काढायला कोण पुढे येईल?

हा स्विच आला कुठून ते आधी बघू. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दोनला उठून विहिरीवर जायचं म्हणजे पायाखाली साप-विंचू, आणि आता उसात बिबट्या. मोटार आपोआप चालू करणारी ती छोटी डबी माणसाची झोपही वाचवते आणि जीवही. ती बसवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण मोटार उठताना चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. एकोणीस मोटारी एकाच क्षणी उठल्या की व्होल्टेज बसतं, मोटारींचं वायंडिंग तापतं आणि डीपी जातो. झोप ज्याची त्याच्या घरी राहते, जळतो तो मात्र सगळ्यांचा डीपी.

त्यात बिलाची भर आहे. जुन्या कितीतरी पंपांना मीटरच नाही, आकारणी हॉर्सपॉवरवर. म्हणून कागदावर तीनची मोटार आणि विहिरीवर पाचची, हे प्रत्येक गावात दिसतं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारने माफ केलं. शेतकऱ्याचं ओझं कमी झालं याचा मला आनंदच आहे. पण मोटार चार तास जास्त चालली तरी खिशातून दमडी जात नाही, मग ती बंद करायला रात्री कोण उठणार? पाणी सरीतून ओसंडून पलीकडच्या नाल्यात जातं. तुमच्या विहिरींची पातळी दर वर्षी का खाली जाते, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता कॅपॅसिटर. वीज कंपनीचे लोक वर्षानुवर्षं सांगताहेत, ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटर काही शे रुपयांना मिळतो, तरी कोणी बसवत नाही. कारण बसवणाऱ्याच्या एकट्याच्या खिशातून पैसे जातात आणि डीपीवरचा भार हलका झाल्याचा फायदा एकोणीस जणांत वाटला जातो. आवाहनाने हे होत नाही. मी स्वतः अशा आवाहनांचे कागद बँकेच्या फळ्यावर लावले आहेत, वाचायला कोणी थांबत नसे.

तुमच्याकडे एक गोष्ट आयती आहे. डीपी जळाला की तो उतरवायला, न्यायला-आणायला तुम्ही वर्गणी काढताच. ती वर्गणी जळायच्या आधी काढा. पाडव्याला सगळे बसा, मोटारीमागे एकच रक्कम ठरवा, त्यातून एकोणीस कॅपॅसिटर एकदमच आणा आणि एकाच दिवशी बसवा. ऑटो स्विच राहू दे, पण टायमरचा घ्या. पहिल्याची मोटार लाईट आल्यावर एका मिनिटाने उठेल, दुसऱ्याची तीन मिनिटांनी, तिसऱ्याची पाच. उरलेली वर्गणी एकाच्या नावावर न ठेवता तिघांच्या सहीने ठेवा. वर्षभर डीपी टिकला तर ज्याची त्याला परत, जो टायमर छेडेल त्याची जप्त. एकट्याने सुधारण्यात तोटा आहे, हे तुम्ही अनुभवलंय. सगळ्यांनी एका दिवशी केलं तर कोणाचंच पाणी मागे राहत नाही.

"वडिलांनी चाळीस वर्षांत गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीची एक बाकी ठेवली नाही. शेजाऱ्याकडे गाडी आहे, ट्रॅक्टर आहे, तरी तो थकबाकीत, आणि प्रत्येक माफीत त्याचं नाव. मी यंदा पीककर्ज भरू की थांबू? वडील म्हणतात, भर." – नाव छापू नये, वैजापूर तालुका

भरा. पण वडिलांनी सांगितलं म्हणून नव्हे, आकडे मांडून भरा.

तुमचा राग खरा आहे. २००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरच्या आतल्या थकबाकीदाराचं कर्ज गेलं, वेळेवर भरलेल्याला काहीच नव्हतं. २०१७ ला राज्याने दीड लाखापर्यंत माफ केलं आणि नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त पंचवीस हजार देऊ केले. २०१९ ला दोन लाखांपर्यंत माफी, नियमितवाल्याला पन्नास हजारांपर्यंत, आणि तेही २०२२ मध्ये हातात पडले. तीनदा असं झालं की गावात चौथ्याची वाट पाहिली जाते. निवडणूक जवळ आली की फेब्रुवारीपासून आमच्या शाखेतली वसुली थंडावायची. भरायची ऐपत असलेला माणूसही काउंटरवर येऊन विचारायचा, "मॅडम, काय ऐकू येतंय?" माफी देताना जी तारीख धरतात, त्या तारखेला थकीत असणं हेच पात्रतेचं लक्षण ठरतं. तुमच्या वडिलांसारख्या माणसाला ही शिक्षा आहे आणि मला तिची चीड आहे.

तरीही दुसरी बाजू मांडते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्य पडतं. थकलात तर ती सवलत जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचं कर्ज बंद. मग जूनमध्ये बियाणं-खतासाठी सावकार. आमच्याकडे शेकडा तीनचा दर आहे, म्हणजे महिन्याला शंभराला तीन. एक लाखावर वर्षाचे छत्तीस हजार. दोन माफ्यांच्या मध्ये पाच-सहा वर्षं जाऊ शकतात. शेजाऱ्याला ते परवडतं, कारण त्याच्याकडे ट्रॅक्टरच्या भाड्याचे रोख पैसे येतात आणि सावकाराची गरज पडत नाही. तुमच्याकडे तशी आवक आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पत्राच्या सुरावरून नसावी असं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्या हातून झाली आहे. गावात तिला 'नवं-जुनं' म्हणतात. ३१ मार्चला ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो आठ दिवसांसाठी सावकाराकडून उचलतो, जुनं कर्ज भरतो, लगेच नवं मंजूर होतं आणि त्यातून सावकाराला व्याजासकट परत देतो. कर्ज फिटत नाही, फक्त त्याची तारीख बदलते. एका वर्षी ३१ मार्चच्या दुपारी माझ्या रोखपालाने एक बंडल मला दाखवलं. शंभरच्या नोटा, वर सायकलच्या ट्यूबचं काळं रबर. "मॅडम, हे सकाळपासून तिसऱ्यांदा आलंय." बाहेर ओट्यावर पांढरी टोपी घालून पिशवी मांडीवर घेतलेला एक जण बसला होता. प्रत्येक शेतकरी आत भरायचा, आतून उचलून त्याच्याकडे द्यायचा, आणि तेच पैसे पुढच्याच्या हातून परत आत.

मी ते थांबवलं नाही. माझ्या शाखेची वसुली किती टक्के, यावर माझी बदली ठरायची. संचालकांना आकडा हवा होता, सोसायटीच्या गटसचिवाला हवा होता, शेतकऱ्याला शून्य टक्क्याची सवलत टिकवायची होती. त्या दिवशी संध्याकाळी शाखेत पेढे वाटले, वसुली नव्वदच्या वर गेली म्हणून. ओट्यावरच्या माणसाने एका दिवसात, एकाच बंडलावर, तीन घरांतून आठ-आठ दिवसांचं व्याज नेलं. ते व्याज माझ्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. तुम्ही कर्ज भरणार असाल तर एवढं पाळा, भरायचे पैसे पिकातून येऊ द्यात. तूर विकली की त्याच दिवशी थोडे सोसायटीत टाका, मार्चची वाट पाहू नका. नवं-जुनं एकदा केलं की दर मार्चला करावं लागतं.

"आमच्या शाळेचा पट दिवाळीनंतर निम्मा होतो. आईबाप ऊसतोडीला जातात, पोरांनाही नेतात, मुलींना जास्त. मी घरोघर जाऊन हात जोडते. शिवाय तिशीच्या आतल्या बायका गर्भाची पिशवी काढून येतात. शिकलेल्या नाहीत म्हणून असं वागतात का?" – एक शिक्षिका, शिरूर कासार तालुका

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही हात जोडता म्हणून लिहिलंय, त्या हातांचा मान ठेवून सांगते, शिक्षणाचा इथे संबंध कमी आहे. या बायका हिशेबात तुमच्या-माझ्याइतक्याच पक्क्या आहेत. हिशेब दुसऱ्यांनी मांडून ठेवलाय.

बीडहून कारखान्याला जाताना मजूर माणशी मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायला कां-कू करतो. बाई नसेल तर तोडलेल्या उसाच्या मोळ्या कोण बांधणार, डोक्यावरून गाडीपर्यंत कोण नेणार? मजुरी टनावर. २०२४ च्या जानेवारीत वाढ होऊन ती टनाला ३६६ रुपये झाली. धडधाकट जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते, म्हणजे ७३२ रुपये, तेही उचलीत वळते होणार. आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा. बाई पडून राहिली तर कोयताच थांबतो, म्हणून दंड कोयत्यावर. २०१९ मध्ये बीडच्या बायकांनी खाड्याचा आकडा सांगितला तो दिवसाला ५०० रुपये.

आता त्या कोपीत जाऊन बसा. उसाच्या पाचटाची झोपडी, दार म्हणजे जुनं लुगडं. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी टँकरचं किंवा लांबच्या बोअरचं. पहाटे चारला फडात, रात्री अकराला गाडी भरायला पुन्हा हाक. पाळी आली, पोट दुखतंय, कापड बदलायला आडोसा नाही. एक दिवस झोपून राहिलं तर ७३२ बुडाले आणि ५०० वर कापले, १,२३२ रुपये. महिन्यातून दोनच दिवस धरा, पाच महिन्यांच्या हंगामात १२,३२० होतात. पिशवीच्या ऑपरेशनचा खर्च मला आमच्या खातेदार बायकांनी पंचवीस हजारांच्या आसपास सांगितलेला आहे. म्हणजे दोन हंगामांत ऑपरेशन 'वसूल' होतं. हा हिशेब लिहिताना माझा हात जड झाला, पण कोपीतल्या बाईने तो बोटांवर केलेला असतो.

त्यात डॉक्टर. पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला गोळ्या देऊन पाठवलं तर शंभर-दोनशे सुटतात, ऑपरेशनला हजारो. 'ठेवलीस तर कॅन्सर होईल' एवढं एक वाक्य पुरतं. पैसे नसले तर मुकादम देतो, ते उचलीत चढतात, आणि उचल फेडायला पुढचा हंगाम ठरलेला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८०० हून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहांत एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण साधारण तीन टक्के. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय हे ऑपरेशन करता येईना. ती गोष्ट चांगलीच झाली. पण त्याने डॉक्टरच्या बाजूचा दोर ओढला गेला, खाड्याचा दोर तसाच राहिला. टनावर मजुरी, कोयत्यावर दंड आणि कोपीत पाणी नाही, तोवर बाईचं दुखणं तिलाच परवडणार नाही.

मुकादमालाही बघा. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी असे कितीतरी जण माझ्या टेबलासमोर बसले आहेत. त्यांचं कमिशन तोडीच्या रकमेवर, टक्क्यात. त्यांनी स्वतः वाहतूक ठेकेदाराकडून लाखो उचललेले, मजूर पळाला तर तो खड्डा त्यांच्या अंगावर. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत. इतकी लांब साखळी, आणि सगळ्यांचे पैसे टनावर. तिच्यात एकालाही बाईच्या विश्रांतीचा रुपया मिळत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी बदलायची ती हीच गोष्ट : खाडा बंद, आणि मजुरी नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यावर. बायकोच्या नावाने पैसे आले तर तिच्या दिवसाची किंमत निदान वेगळी दिसेल. आज ती कोयत्यात विरघळलेली आहे.

मुली जास्त का नेतात, तेही यातच आलं. नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर तान्ह्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. ती नसेल तर आई निम्मा दिवस कोपीवर, आणि कोयता अर्धा. आईला मुलीचं शिकणं नको असतं असं नाही. तान्हं कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न आहे.

आणि बाई, रागावू नका, शाळेचंही बघू. शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात. पोरं जातात दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे मोजणीच्या दिवशी सगळी हजर, आणि मोजणी झाली की कोण गेलं याची विचारणा कोणी करत नाही. तुम्ही घरोघर फिरता ते तुमच्या जिवाच्या ओढीने, त्याचा एक गुणही कोणी तुमच्या नावावर मांडत नाही.

पण फिरता कधी? दिवाळीच्या तोंडावर. तोवर गावाने उचल घेतलेली असते. पावसाळ्यात पेरणीच्या खर्चाला, पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला मुकादम पैसे देतो, आणि त्याच दिवशी हंगाम ठरतो. ऑक्टोबरमध्ये तुम्ही ज्यांच्यापुढे हात जोडता, त्यांनी ते पैसे जुलैतच खर्च केलेले असतात. त्यांना तुमचं पटतं, पण 'नाही' म्हणायची सोय राहिलेली नसते.

म्हणून पालकसभा आषाढात घ्या. वडिलांपेक्षा आज्यांना बोलवा. हंगामी वसतिगृहात बऱ्याच ठिकाणी पोरं जेवायला शाळेत आणि झोपायला आजीकडे असतात, तेव्हा खरा होकार आजीचा लागतो. तिला विचारा, पाच महिने दोन पोरांची तिला अडचण काय. गुडघे, रेशनचं धान्य, रात्रीची भीती, जे सांगेल ते लिहून घ्या. वसतिगृहाचा प्रस्ताव पोरं गेल्यावर न करता यादीसह सप्टेंबरच्या आत पाठवा. धाकटं अंगणवाडीत दिवसभर राहील का, हे सेविकेला विचारा, कारण तान्ह्याची सोय झाली तरच थोरली सुटते. आणि ज्या घरात थोरली मुलगी सातवी-आठवीत आहे, तिथे मुकादमाच्या आधी पोचा.

मागच्या वर्षी केज भागातल्या एका आजीने मला सांगितलं, "पोरी ठेवीन, पण मला रात्री दिसत नाही, कंदील कोण लावणार?" तिथल्या गुरुजींनी तिच्या घरी एक चार्जिंगचा दिवा नेऊन दिला. दोन्ही नाती वार्षिक परीक्षेला बसल्या.